आठ घरांची बोट

रग्बी, इंग्लंड
ऑक्टोबर

प्रिय भाऊ,



मिल्टन कीन्समधल्या तुमच्या आठ घरांनी मिळून नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची अरुंद बोट, घ्यायचं मनावर घेतलंय, हे वाचून फार आनंद झाला. आमची बारा जणांची बोट इतकी वर्षं कशी सुरळीत चालते, ते सविस्तर लिहून पाठव म्हणालास. लिहिते. पत्र बाकीच्या सात घरांनाही वाचायला दे.

आधी मनातलं सांगते. मला सामाईक बोट एकट्याच्या बोटीपेक्षा चांगली वाटते. एकट्या मालकाची बोट वर्षातले बहुतेक दिवस धक्क्याला बांधून पडते. बॅटऱ्या उतरतात, आत ओल धरते. सामाईक बोट चालती राहते, आणि इंग्लंडचे कालवे बोटी चालत राहिल्या म्हणूनच टिकलेत. रेल्वे आली, मग ट्रक आले, कालव्यांवरची मालवाहतूक आटत गेली. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलीसुरली वाहतूकही जवळजवळ संपली. पण त्याआधीच, १९४४ साली एल. टी. सी. रोल्ट यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं होतं आणि १९४६मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली होती. पुढे स्वयंसेवकांनी गाळाने बुजलेले किती तरी कालवे उपसून पुन्हा वाहते केले. आपल्या हाती आलेलं पाणी असं कुणी ना कुणी राखलेलं आहे. बोट घ्याल ती हे लक्षात ठेवून घ्या.

आता व्यवहाराचं. गावाकडे सामाईक विहिरीतला आपला चार आणे हिस्सा निदान सातबाऱ्यावर चढलेला असतो. कालव्यावरच्या बोटीला सातबारा नाही. कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचा परवाना हा मालकीचा पुरावा होत नाही. इंग्लंडच्या कायद्यात नोंदणीकृत जहाजाची मालकी ६४ भागांत धरतात, पण नॅरोबोटी सहसा त्या नोंदणीत नसतात. म्हणजे तुमच्या हातात दोनच कागद: खरेदीखत आणि आपसातला करारनामा. खरेदीखतावर आठही नावं हवीत. करारनामा वकिलाकडून तपासून घ्या आणि पैसे त्यानंतरच द्या. मैत्री आहे, कागद कशाला, असं कुणी म्हणेल. त्याला सांग, मैत्री आहे तोवरच कागद चांगला होतो.

खर्चाचे दोन भाग करा. परवाना, विमा, धक्क्याचं भाडं, दर चार वर्षांनी लागणारं बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र, दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला मारायचं डांबर, हा सगळा ठरलेला खर्च. तो आठ जणांत सारखा, मग कुणी त्या वर्षी बोटीवर पाऊल ठेवो न ठेवो. डिझेल आणि गॅस मात्र वापराप्रमाणे. इंजिनाच्या तासांचं मीटर असतं, त्यावरून हिशेब चोख निघतो. याखेरीज दरवर्षी थोडी रक्कम वेगळ्या निधीत टाका. इंजिन कधी तरी बदलावं लागणार, रंग द्यावा लागणार. तेव्हा एकदम मोठी वर्गणी मागितली की हिस्से विकायला निघतात. पैसे गटाच्या नावे बँकेत असावेत आणि सह्या दोघांच्या. देखभाल एखाद्या कंपनीकडे दिलीत तरी खातं आपलंच ठेवा.

पाळ्या लावणं सर्वांत नाजूक काम. आठ घरांना सहा-सहा आठवडे म्हणजे ४८. उरलेले चार दुरुस्तीला. कागदावर सोपं दिसतं, पण शाळांची उन्हाळी सुटी जेमतेम सहा आठवड्यांची आणि शाळेत जाणारी मुलं तुमच्या बहुतेक घरांत. आम्ही निवड फेऱ्यांनी करतो. पहिल्या फेरीत प्रत्येकाने एक आठवडा घ्यायचा, दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. जो यंदा पहिला तो पुढच्या वर्षी शेवटचा. कुणावर उपकार नाही, कुणाची भीड नाही. आपला आठवडा दुसऱ्या हिस्सेदाराशी बदलून घ्यायला मोकळीक ठेवा. बाहेरच्याला भाड्याने मात्र मुळीच देऊ नका. खासगी परवान्यात ते बसत नाही.

ठरावांचंही आधीच ठरवा. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती देखभाल पाहणाऱ्याने न विचारता करावी. त्यावरची बहुमताने. नवे पडदे, सौरपट्ट्या अशी हौस असेल तर आठांपैकी सहांचा होकार हवा. गळणारा पाइप आणि नवे पडदे एकाच मताने ठरायला लागले की कमी कमावणाऱ्याची कुचंबणा होते. कुणी बाहेर पडत असेल तर हिस्सा आधी बाकीच्यांना विचारायचा, किती दिवसांत ते लिहायचं. हिस्सेदार वारला तर काय, कुणाची वर्गणी थकली तर काय, सगळेच कंटाळले तर बोट कशी विकायची, हेही लिहा. अवघड वाटतं, पण नंतर हेच कामी येतं.

आणि आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: शनिवारची सकाळ, बोट पुढच्या घराच्या हाती देण्याची वेळ. वेळेवर पोहोचायचं तर हिशेब असा: ताशी चार मैल ही वेगमर्यादा आहे, प्रत्यक्षात मैल आणि लॉक (पाण्याची पातळी बदलणारे दरवाजे) एकत्र मोजून ताशी तीन धरावेत. अर्धा वेळ संपण्याआधीच परत फिरायचं, कारण ५७ फुटांची बोट वाटेल तिथे वळत नाही, त्यासाठी कालव्याच्या काठात मुद्दाम ठेवलेली रुंद जागाच गाठावी लागते. उशीर झाला की पुढच्या घराची मुलं सामानासकट धक्क्यावर ताटकळतात.

सोडताना काय पाहायचं त्याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पाण्याची टाकी भरलेली, संडासाची टाकी रिकामी, इंजिनाचे तास वहीत. मागच्या फळीखाली पितळेचा ग्रीसचा डबा असतो. रोज मुक्कामाला इंजिन बंद केलं की त्याची मूठ हाताला जड लागेपर्यंत फिरवायची, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याजवळून पाणी ठिबकत नाही. पंख्यात पिशव्या, दोऱ्या अडकतात. त्या काढायला वर एक झडप असते. इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालूनच तिच्यात हात घालायचा. काम झालं की झाकण घट्ट आवळायचं. सैल राहिलं आणि इंजिन सुरू झालं तर पंखा पाणी आत फेकतो. अशाने बोटी बुडाल्या आहेत. म्हणून वहीत ‘झडप आवळली’ असं लिहून सही करायची. काही मोडलं असेल तर तेही लिहायचं, कुणी मोडलं ते विचारायचं नाही. विचारायला लागलात की लोक लपवतात, आणि लपवलेला बिघाड पुढच्या घराच्या वाट्याला येतो.

शरदात शेवटचं जे घर असेल त्याने नळ उघडून पंपातलं, शॉवरमधलं पाणी काढून टाकायचं. एका रात्रीत पाणी गोठलं तरी पाइप फुटतात.

भाऊ, आपल्यानंतर येणाऱ्याचा पहिला दिवस चांगला जावा, ही काळजी आठही घरांना वाटली तर करारनामा कपाटातून काढायची वेळ क्वचितच येईल. ज्यांना ती वाटणार नाही ते कोण, हे बोट घेण्याआधी कळलेलं बरं. म्हणून वसंतात भाड्याची बोट घेऊन सगळ्यांनी पाळीपाळीने आठवडा काढा, आणि बोट पुढच्याकडे देताना कोण कसं वागतं ते पाहा. मग मसुदा माझ्याकडे पाठव, मी ओळ न् ओळ वाचीन.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई