खिडकीखालचा रस्ता

परदेशात बिऱ्हाड थाटणाऱ्याला लोक हवापाणी, घरभाडे, बाजारभाव यांविषयी पुष्कळ सांगतात. खिडकीखालच्या रस्त्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. वाचकहो, नव्या गावातला आपला पहिला शेजारी तोच असतो, आणि त्याच्याशी जमवून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

कैरोतील शुब्रा ही मोठी दाट वस्ती. तेथे आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असू. पहाटेची अजान संपते न संपते तोच मोटारींचे भोंगे सुरू होत. मागोमाग सिलिंडरवर लोखंडी पाना ठोकीत गॅसवाला येई. तो जातो तोच ‘रोबाबेकिया’ अशी लांबलचक आरोळी उठे. रात्री शयनगृहातील आवाज 30 डेसिबलच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली सुचविले. आमच्या गल्लीच्या कानी ते गेले नसावे! धाकटी मुलगी झोपेतून दचकून उठे, दिवसभर किरकिरत राही. घर सोडण्याच्या गोष्टी आम्ही बोलू लागलो होतो.

परंतु भाषांतर हा ज्याचा व्यवसाय, त्याला न कळलेला शब्द स्वस्थ बसू देत नाही. चौकशी केली, तेव्हा समजले की ‘रोबाबेकिया’ हा मुळी अरबी शब्दच नव्हे. जुन्या वस्तू या अर्थाच्या ‘रोबा वेक्किया’ या इटालियन शब्दांचे ते रूप. एके काळी त्या शहरात मोठा इटालियन समाज नांदत होता. तो पांगला; त्याचा शब्द मात्र भंगारवाल्याच्या गाडीवर मागे राहिला!

मग एकेक आवाज उलगडू लागला. भाजीवाल्याची हाक येताच सज्ज्यासज्ज्यांतून दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली उतरत; पैसे घेऊन जात, भाजी घेऊन वर येत. रमजानमध्ये सहरीसाठी लोकांना उठविणारा ‘मुसहराती’ ढोलके वाजवीत फिरे आणि मुलांना नावानिशी हाका मारी. एका रात्री त्याने आमच्या मुलीचेही नाव घेतले. ती दचकली नाही. हसत खिडकीकडे धावली.

भोंग्यांना मात्र कधीच अर्थ लाभला नाही. त्यांच्यासाठी आम्ही बिछाने मागच्या खोलीत हलविले. निरर्थक गोंगाटापासून दूर सरावे, माणसाच्या हाकेला मात्र खिडकी उघडी ठेवावी, एवढेच शहाणपण त्या रस्त्याने आम्हांला दिले. घर आम्ही सोडले नाही.