आश्रिताचा रकाना

भिलाईत वाढलेल्या मुलांना ‘डिपेंडंट’ हा शब्द फार लवकर कळतो. बाबा भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होते. आमच्या मेडिकल बुकात पहिलं नाव त्यांचं, खाली डिपेंडंट म्हणून आई, मी आणि धाकटा भाऊ. सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात खिडकीतून ते पुस्तक आत सरकवलं की डॉक्टर, औषध सगळं व्हायचं. क्वार्टर बाबांच्या नावावर, शाळा प्लांटची. त्या शब्दात काही कमीपणा आहे असं आमच्या सेक्टरमध्ये कुणाला वाटत नसे.

मला तो पहिल्यांदा खटकला २०१३ मध्ये. लग्नाला चार महिने झाले होते. नवरा एच-१बी व्हिसावर अमेरिकेत नोकरीला होता आणि मला त्याच्याच राज्यातल्या एका विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीच्या एम.एस.ला प्रवेश मिळाला होता. जायचे रस्ते दोन. एच-४, म्हणजे त्याची बायको म्हणून. किंवा एफ-१, म्हणजे विद्यार्थी म्हणून.

एच-४ वर पूर्णवेळ शिकता येत होतं, पण तेव्हा पगाराचं कसलंही काम करता येत नसे. विद्यापीठानं प्रयोगशाळेत सहायकाचं काम देऊ केलं होतं, त्यातून फी सुटणार होती. एच-४ वर त्यावर पाणी सोडावं लागलं असतं. शिवाय त्याची नोकरी गेली की माझं तिथलं राहणंही संपलं. एफ-१ वर आठवड्याला वीस तास विद्यापीठात काम, शिक्षणानंतर एक वर्ष नोकरीची परवानगी आणि अभियांत्रिकीवाल्यांना तेव्हा आणखी १७ महिने.

कागदावर हिशेब सरळ होता. पण एफ-१ ला एक अट असते. परदेशात आपलं घर आहे आणि ते सोडायचा आपला इरादा नाही, हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. एच-१बी आणि एच-४ वाल्यांना हे सिद्ध करावं लागत नाही. ज्या बाईचा नवरा अमेरिकेत आहे ती परत का येईल?

“एच-४ घे,” बाबा म्हणाले. “ते मिळतंच. हे नाकारलं तर पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ते लिहावं लागेल.” नवऱ्याचं म्हणणं, आधी ये, मग इथे बदलून घेऊ. त्या अर्जाला किती महिने लागतील याचा भरवसा नव्हता. दोघंही माझ्या भल्याचंच सांगत होते.

आणि दाखवायला घर तरी कुठे होतं? बाबा त्याच वर्षी निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं होतं. नागपूरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, त्यात मी एक रात्रही झोपले नव्हते. विद्यार्थी म्हणून स्वतःच्या नावानं जायचं तर मागे घर हवं होतं. घर नसेल तर नवरा पुरत होता.

त्या दिवसांत मी आनंदीबाई जोशींबद्दल पुन्हा वाचलं. ७ एप्रिल १८८३ रोजी, अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव मागे राहिले. तेव्हा व्हिसा लागत नसे. तरी निघण्याआधी श्रीरामपूरला भर सभेत त्यांना सांगावं लागलं होतं, की मी का जाते, आणि हिंदू म्हणून जाते तशीच परत येईन. शाळेत मी ते धाडस म्हणून वाचलं होतं. आता वाटलं, ही तर मुलाखतच. त्यांनी दिलेला शब्द पाळला. १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या.

आई बरेच दिवस गप्प होती. एका दुपारी क्वार्टरचं सामान बांधताना म्हणाली, “मला काही कमी पडलं नाही, पोरी. पण पस्तीस वर्षं हे घर मी झाडलं, अन् सोडायचं पत्र मात्र ह्यांच्या नावानं आलं. मला कोणी विचारलं पण नाही.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिनं पुढच्या खोक्याला सुतळी बांधायला घेतली.

मी एफ-१ चा अर्ज भरला. पत्त्याच्या रकान्यात क्वार्टरचा नंबर लिहिला.

मुलाखत मुंबईला. दुर्गहून गीतांजलीनं गेले. आदल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बांद्रा-कुर्ला संकुलात काचेपलीकडचा अधिकारी. त्यानं दोनच मुद्द्यांवर विचारलं. काय शिकणार? आणि नवरा तिथे असताना परत येणार का? मी कोरब्याच्या वीजकेंद्रांबद्दल, छत्तीसगडमधल्या कामाबद्दल बोलले. “हो, परत येईन,” म्हणाले. खोटं बोलत नव्हते. पण खरं बोलतेय का, हेही मला ठाऊक नव्हतं. व्हिसा मिळाला.

मी परतले नाही. शिकले, नोकरी केली. मग कामाची मुदत संपली, एच-१बीच्या सोडतीत नाव निघालं नाही, आणि अकरा महिने मी एच-४ वर काढले. तोवर काही एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळू लागली होती, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण तेवढं पुढे गेलं नव्हतं. गाडीच्या परवान्याची मुदतही त्याच्या कागदाच्या तारखेवर. तो कधी काही बोलला नाही. तरी दुकानात वस्तू उचलताना मी किंमत दोनदा पाहायची.

त्याच काळात विम्याचं नवं कार्ड आलं. वर त्याचं नाव, खाली डिपेंडंट म्हणून माझं. मी फोटो काढून आईला नागपूरला पाठवला आणि फोनवर म्हटलं, “पाहा, फिरून त्याच रकान्यात आले.”

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, “दवाखाना होतो ना त्याच्यावर?”

“होतो.”

“मग दाखवून घे. मागच्या महिन्यापासून पाठ दुखते म्हणतेस.”