रंग कोवळ्या पानाचा

लाखनीत मेपल लावायचा विचार मी सोडून दिला, आणि त्याची हळहळ आता उरलेली नाही. बागेत बारमाही रंग हवा तर फुलांच्या भरवशावर राहून भागत नाही, पान रंगणारं झाड हवं, असं माझं पक्कं मत होतं. त्यात जपानी मेपलचा ध्यास. पंजासारखं कातीव पान, शरदात लालभडक. पानगळीनंतर काही जातींच्या फांद्याही लाल दिसतात.

पण मेपलला थंडी नुसती चालत नाही, ती लागते. हिवाळाभर गारठा मिळाला तरच त्याच्या कळ्या नीट फुटतात. पानं रंगायलाही लख्ख उन्हाचे दिवस आणि थंडगार रात्री हव्यात. तेव्हा हरितद्रव्य ओसरतं, पानात साखर साठते आणि अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होतं. आमच्याकडे हिवाळ्यातही दुपारी ऊन चटकतं आणि मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो. त्या झळांत मेपलच्या पातळ पानाच्या कडा करपतात. सावली, पाणी, आच्छादन देऊन झाड जगेलही, रंगणार नाही. रंगासाठी आणलेलं झाड असं नुसतं तगवत ठेवणं मला क्रूर वाटतं.

तरी या हिशेबाने माझं मन वळलं नव्हतं. ते वळवलं कुसुमाच्या झाडाने. मार्चअखेर साकोलीहून पिटेझरीमार्गे नागझिऱ्याकडे जाताना पळस ओसरत आलेला असतो, साग उघडा पडलेला, आणि मध्येच एखादं झाड शेंड्यापासून खालपर्यंत लालबुंद. जवळ गेल्यावर कळतं, ती फुलं नाहीत, पालवी आहे. रंगद्रव्य तेच, अँथोसायनिन. कोवळं पान हिरवं होईपर्यंत ते त्याला कडक उन्हापासून जपतं, असं मानतात. मेपल पान गाळताना लाल होतो, आमचा कुसुम पान फुटताना. रंग शरदातच शोधायचा, हा हट्ट मी कुठून उचलला होता?

मग मोहाची तांबूस पालवी दिसू लागली, पिंपळाची गुलाबी झाक दिसली, हिवाळ्यात लाल होऊन गळणारी देशी बदामाची पानं दिसली. काटेसावर, पळस, बहावा, ताम्हण यांची फुलं त्यांच्या जोडीला आहेतच. मेपलच्या पानाची नक्षी यांतल्या कशातच नाही, हे मी कबूल करतो. ती मला अजूनही आवडते.

कुसुम मोठा होतो आणि सावकाश वाढतो. घरामागच्या सांदवाडीत त्याला जागा पुरायची नाही; तिथे ताम्हण आणि बहावाच बरे. कुसुम लावायचा तो शेताच्या धुऱ्यावर. त्याच्यावरची कुसुमी लाख पळसावरच्या लाखेपेक्षा सरस मानतात, म्हणजे शेतकऱ्यालाही तो परका नाही. पावसाळ्याच्या तोंडावर फळं पिकतात, पोरं त्यांचा आंबट गर चोखतात. बिया तेव्हाच गोळा करून ताज्या असतानाच पेरायच्या.