तुलना कुणाशी?

थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की विद्यार्थी लॅपटॉप घेऊन येतात. "सर, टी टेस्ट लावू की काय-स्क्वेअर?" मी विचारतो, तुलना कुणाची आणि कुणाशी?

बीडमध्ये हा प्रश्न बायकांच्या जिवाशी जोडलेला आहे. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. म्हणजे शेकडा सतरा. त्याच्याशेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा देशाचा आकडा ठेवतात, शेकडा तीनच्या आसपासचा. पण त्यात पंधरा वर्षांच्या मुलीही मोजलेल्या असतात. तफावत भयंकर आहेच. तिच्यातला ऊसतोडीचा वाटा मात्र त्याच वाडीतल्या, त्याच वयाच्या, कारखान्यावर न जाणाऱ्या बाईशी ताडून पाहिल्यावरच कळेल. पिशवी काढली की नाही, एवढंच विचारलं तर काय-स्क्वेअर पुरते. वय, बाळंतपणं, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हेही हिशेबात धरायचं तर लॉजिस्टिक रिग्रेशन.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मजुरीही जोडीची. दोघांच्या कामाचे तास ताडायचे असतील तर ते दोन सुटे गट नव्हेत. तिथे जोडीची टी टेस्टच हवी.

सगळ्यात घोळ होतो तो 'ऑपरेशनच्या वेळचं वय' या रकान्यात. त्यात पंचवीस, तीस, पस्तीस यांचीच गर्दी, कारण वय अंदाजाने सांगितलेलं. आणि ज्यांचं ऑपरेशन झालेलंच नाही, त्यांच्यासमोर रिकामी चौकट. विद्यार्थी त्या ओळी गाळतात आणि उरलेल्यांची सरासरी काढतात. मला हे फार लागतं. पिशवी शाबूत असलेली चाळिशीची बाई ही त्या माहितीतली सर्वांत मोलाची साक्षीदार, आणि तिलाच बाहेर काढायचं! तिची चाळीस वर्षं ऑपरेशनपर्यंतचा काळ मांडणाऱ्या कापलान-मायरच्या आलेखात मोजली जातात. सरासरीत ती दिसतच नाहीत.

एका टोळीतल्या बायकांचा मुकादम एक, फड एक, बहुतेकदा दवाखानाही एकच. त्यांची उत्तरं एकमेकींसारखी येणारच. काय-स्क्वेअर मात्र प्रत्येकीला स्वतंत्र धरते आणि नसलेली खात्री दाखवते. म्हणून टोळीचा रकाना प्रश्नावलीत पहिल्या दिवशीच घालायला लावतो. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं गावी परतली की टोळी फुटते, मग कोण कुठल्या टोळीत होतं हे कुणाला विचारणार?