धोबीतलावापासून नेरुळपर्यंत

मुंबईत आज भव्य रॉक कॉन्सर्ट ऐकायचा म्हणजे अनेकदा खाडी ओलांडावी लागते. डब्लिन शहरात १९७६ साली स्थापन झालेला यूटू हा आयरिश बँड १५ डिसेंबर २०१९ रोजी भारतात प्रथमच वाजवणार होता आणि त्यासाठी नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम निवडण्यात आले होते. त्यामुळे त्या रविवारी दक्षिण मुंबईतून निघालेल्या श्रोत्याच्या वाट्याला संगीताआधी हार्बर मार्गावरचा सुमारे तासाभराचा लोकलप्रवास आला. हे अंतर योगायोगाने पडलेले नाही, आणि ते कसे पडले हे समजून घेतल्याखेरीज त्या रात्रीचे वर्णन अपुरे राहील.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून धोबीतलावचे रंगभवन पायी जाण्याइतके जवळ आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या परिसरातील या खुल्या नाट्यगृहात १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवानिमित्त देशोदेशींचे वादक आले, तर १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या भारतीय बँडांच्या महोत्सवाचे ते दीर्घकाळ घर होते. पुढे २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू केले आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ म्हणून, म्हणजे ध्वनिक्षेपकास मनाई असलेला भाग म्हणून, राखण्याची तरतूद झाली. कामा रुग्णालय, गोकुळदास तेजपाल रुग्णालय आणि महाविद्यालय यांच्या सान्निध्यात असलेल्या रंगभवनातील विजेरी गिटारी त्यानंतर थांबल्या. रुग्णाच्या विश्रांतीचा हक्क वादातीत आहे. परंतु एक जागा बंद करताना तेवढ्याच आकाराची, तितक्याच स्वस्त तिकिटाची आणि रेल्वे स्थानकाच्या तितकीच जवळची दुसरी जागा शहराने नवोदित वादकांना दिली नाही, ही उणीव अजूनही भरून निघालेली नाही. मोठ्या परदेशी बँडांना मात्र जागा मिळत गेल्या: रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, आयर्न मेडन २००८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आले, आणि नंतरच्या काळात अशा कार्यक्रमांचा ओघ नवी मुंबईकडे वळला.

रविवारी हार्बर मार्गाने जाणाऱ्यास आधी मेगाब्लॉकची, म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी काही तास गाड्या बंद ठेवण्याच्या व्यवस्थेची, चौकशी करावी लागते. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही स्थानकांची नावेच गोदी आणि कापसाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या मुंबईचा इतिहास सांगतात. कुर्ला, चेंबूर, गोवंडी मागे टाकून गाडी मानखुर्दला पोहोचते आणि त्यानंतर एकाएकी दोन्ही बाजूंना खाडी पसरते. रेल्वे या पाण्यावरून वाशीला पोहोचली ती १९९२ मध्ये. त्याआधी नव्या शहराकडे जाणाऱ्यास रस्त्याच्या पुलावरच अवलंबून राहावे लागे. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी या चिखलात रोहित पक्षी, ज्यांना सर्वजण फ्लेमिंगो म्हणतात, ते उतरतात. वाशी, सानपाडा, जुईनगर आणि मग नेरुळ अशी ही वाट असून, स्थानकापासून स्टेडियमपर्यंतचे अंतर चालत कापता येते.

हे स्टेडियम २००८ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी आयपीएलचा पहिला अंतिम सामना तेथे खेळला गेला. प्रेक्षकांच्या दृष्टीआड येणारे खांब टाळून त्याचे छत मागील बाजूने तोलून धरलेले असल्यामुळे जवळपास कोठूनही मैदान सलग दिसते. कॉन्सर्टसाठी मैदानाच्या एका टोकाला सुमारे ६१ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच असा एलईडी पडदा उभारला होता, आणि मुख्य रंगमंचापासून श्रोत्यांमध्ये शिरलेला छोटा रंगमंच जोशुआ वृक्षाच्या सावलीच्या आकाराचा होता. जोशुआ वृक्ष ही अमेरिकेतील मोहावी वाळवंटात वाढणारी युका कुळातील वनस्पती असून, तिचेच नाव यूटूने १९८७ मधील आपल्या अल्बमला दिले. या दौऱ्यात तो अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्याच क्रमाने वाजवला जात होता आणि नेरुळचा कार्यक्रम हा दौऱ्यातील अखेरचा होता.

लॅरी मलन ज्युनिअर ड्रमवर बसला आणि पाठोपाठ गायक बोनो, गिटारवादक एज व बासवादक अॅडम क्लेटन छोट्या रंगमंचावर आले. या पहिल्या भागातील जुनी गाणी पडद्याच्या आधाराविना झाली, आणि दूरच्या श्रोत्यालाही चार माणसे वाजवत आहेत एवढेच दिसत राहिले. भव्य साधने हाताशी असताना ती काही काळ बाजूला ठेवण्याचा हा संयम त्या रात्रीच्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. त्यानंतर पडदा लाल झाला, त्यावर काळा वृक्ष उमटला आणि ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ सुरू झाले.

या गाण्यापाशी थोडे थांबले पाहिजे. रस्त्याच्या नावावरून माणसाचा धर्म आणि त्याची ऐपत ओळखली जाते या बेलफास्ट शहरातील वास्तवातून ते सुचले असे बोनोने सांगितले आहे, आणि पत्त्यावरून जात, भाषा व मिळकत ताडणाऱ्या आपल्या शहरांतील श्रोत्याला त्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. एजच्या गिटारीची किमया ‘डिले’ या उपकरणात आहे. हे उपकरण छेडलेला स्वर ठरावीक कालावधीनंतर पुन्हा ऐकवते. तो कालावधी या गाण्यात एका मात्रेच्या पाऊण भागाइतका ठेवला असल्यामुळे वाजवलेले स्वर आणि परतून आलेले स्वर एकमेकांच्या मधल्या जागा भरतात व एकाच गिटारीतून अखंड लहरणारी वीण तयार होते. तानपुरा गाणाऱ्याच्या स्वराला आधार देतो, तसा येथे प्रतिध्वनी लयीला आधार देतो. गाण्याच्या गतीनुसार हा कालावधी सेकंदाच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त भरतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो हे लक्षात घेतले, तर तेवढ्या वेळात तो साधारण १२० मीटर, म्हणजे जवळजवळ मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. त्यामुळे मागच्या बाजूला बसलेल्यास ड्रमवर पडणारी काठी आधी दिसते आणि तिचा आवाज मागाहून येतो. हा विस्कळीतपणा कमी करण्यासाठी मोठ्या मैदानी कार्यक्रमांत मध्यभागी ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारून त्यांतील आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, जेणेकरून तो रंगमंचाकडून येणाऱ्या आवाजाशी जुळावा. स्टुडिओत सौंदर्यासाठी योजलेला विलंब आणि मैदानात अंतरामुळे ओढवलेला विलंब असे दोन्ही एकाच वेळी कानी पडणे, हा अनुभव घरच्या कोणत्याही यंत्रावर मिळणार नाही. नेरुळपर्यंत जाण्याचे खरे कारण हेच आहे.

अल्बमचा शेवट ‘मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड’ या गाण्याने होतो. अर्जेंटिनातील लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्या मुलांचा शोध घेत १९७७ पासून ब्यूनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात जमणाऱ्या मातांना ते उद्देशून आहे. रॉक संगीत म्हणजे केवळ धिंगाणा असा समज बाळगणाऱ्यांनी हे संथ, शोकमग्न गाणे हजारो माणसांच्या गर्दीत ऐकायला हवे. पुढे ए. आर. रहमान आपल्या मुलींसह रंगमंचावर आले आणि त्यांनी यूटूबरोबर रचलेले, तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ ग्रंथातील वचनाने सुरू होणारे ‘अहिंसा’ हे गाणे सादर झाले. पाहुण्याने यजमानाची भाषा तोंडदेखली उच्चारावी असा तो प्रकार नव्हता, कारण राजकीय हिंसाचाराची झळ आपल्या देशात पाहिलेल्या या बँडचा अहिंसा हा आरंभापासूनचा विषय होता.

कार्यक्रमानंतर नेरुळच्या फलाटावर गर्दीचे मुख्य प्रवाह होतात: मुंबईकडचा, पनवेलकडचा आणि ठाण्याकडचा; पुण्याहून आलेले श्रोते मात्र सायन-पनवेल महामार्गाने परततात. परतीच्या डब्यात सर्वजण नेहमीपेक्षा चढ्या आवाजात बोलतात, कारण दोन तास मोठा आवाज ऐकल्यावर अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी थकतात आणि ऐकण्याची क्षमता तात्पुरती घटते. ही बधिरता सहसा काही तासांत ओसरते. मात्र वारंवार असे झाल्यास हानी कायमची होते आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे तिकिटाबरोबर कानात घालायचे बोळेही खिशात असावेत, विशेषतः सोबत लहान मुले असतील तर.