टेपाचें एक तोंड

आमच्या घरांत अकरा माणसें आणि एक मोटार. तींतल्या वाजणाऱ्या पेटीला नवी मंडळी कांहींही म्हणोत, आम्ही अद्याप टेपच म्हणतों. मूळचा टेप बिघडला तेव्हां जालन्यांतच एका दुकानीं दुसरा बसवून घेतला. पडदा ऐसपैस, आवाज गोड, पण यूएसबीचें तोंड मात्र एकच. आणि घांस मागणारे तिघे! कै. नानांच्या आवाजांतले मनाचे श्लोक ज्यांत होते तो पेन ड्राइव्ह, पुढची वाट टिपणारा डॅशकॅम आणि आमच्या पुतण्याचा फोन.

पुतण्यानें चार तोंडांचा एक हब आणून तिघांचीही सोय लाविली. आम्हीं शंका काढतांच तो म्हणाला, "काका, एका यूएसबीवर १२७ उपकरणें चालतात." आंकडा खोटा नव्हता. १९९६ सालीं ही जोडणी जगापुढें आली, तिच्या कर्त्यांत बडोद्यास शिकलेले अजय भट्ट होते, आणि १२७ ही मर्यादा त्या योजनेंतलीच. परंतु ती पत्त्यांची मर्यादा, विजेची नव्हे. पानें अधिक मांडलीं म्हणून पातेल्यांतला भात वाढतो, असें आमच्या वहिनींनीं तरी कधीं मानलें नसतें.

रामनवमीस आम्ही जांबेस निघालों. समर्थांचा जन्म १६०८ सालचा, त्याच तिथीचा व भर दुपारचा. म्हणून माध्यान्हीच्या आंत पोंचण्याची घाई. आई पुढें बसली होती. अंबड मागें पडलें, मत्स्योदरीची टेकडी दिसेनाशी झाली, आणि नानांचा आवाज एका चरणाच्या मध्यावर तुटला. पुन्हां सुरू झाला, पुन्हां तुटला, आणि मग पडद्यावर उपकरण सांपडत नसल्याची सूचना तेवढी उरली.

"अरे, हे मध्येंच कां थांबले?" आईनें विचारलें.

गाडींत कोणींच उत्तर दिलें नाहीं.

परतल्यावर टेपाची पुस्तिका उघडली. (ती आधीं उघडावयाची असते, हें खरें.) यूएसबीच्या तोंडांतून ५ व्होल्टनें केवळ ५०० मिलिअँपिअर वीज मिळेल, असें तींत स्वच्छ छापलें होतें. स्वतःची वीज नसलेला हब एवढ्यांतच स्वतःचा वाटा ठेवून बाकीची वांटतो. नियमाप्रमाणें एकेका तोंडास १०० मिलिअँपिअर. आमच्या डॅशकॅमला एकट्यालाच अँपिअरभर लागे. तो ओढूं लागला कीं व्होल्ट खालीं येत, पेन ड्राइव्ह बेशुद्ध पडे, आणि सांवरतो न सांवरतो तोंच पुन्हां तेंच. अशा धक्क्यांनीं त्याच्या आंतली अनुक्रमणिका विस्कटली असावी, असें आमच्या ओळखीच्या संगणक-कारागिराचें मत पडलें. दुसरी प्रत आम्हीं करून ठेविली नव्हती. हा दोष टेपाचा नाहीं आणि हबाचाही नाहीं.

आतां डॅशकॅम व फोन लायटरच्या सॉकेटांत बसविलेल्या निराळ्या चार्जरवर आहेत. तो गाडीच्या १२ व्होल्टांचे ५ करतो. टेपास पेन ड्राइव्ह तेवढा, तोही नवा. ज्यांस हब हवाच असेल त्यांनीं स्वतंत्र वीज घेणारा घ्यावा, आणि तो उलट टेपाकडे वीज ढकलीत नाहीं, याची खात्री करून घ्यावी. शिवाय कित्येक टेप हबास मुळीं ओळखतच नाहींत. तें आधीं दुकानांतच जोडून पाहावें. आमच्या टेपानें ओळखला, हेंच आम्हांस भोंवलें!

कारागिरानें चार दिवस खपून सातांपैकीं सहा फाइली शाबूत काढून दिल्या. सातवी शेवटाकडे तुटते. तिच्या प्रती आतां तीन ठिकाणीं आहेत. दोनशें पांच श्लोकांपैकीं शेवटचे नऊ तींत नाहींत. गाडींत तें ठिकाण आलें कीं आई पदर सांवरून बसते आणि पुढचे श्लोक स्वतः म्हणते.