बारा-शून्य

उमराण्याच्या बाजारात कांदा नेणारा माणूस वर्तमानपत्रातल्या मोठ्या भावाला कधी भुलत नाही. 'कांद्याला उच्चांकी भाव' असे छापून आले, की तो शांतपणे विचारतो, "सरासरी काय निघाली?" उच्चांक एखाद्याच ट्रॅक्टरच्या वाट्याचा असतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. असा हा आमचा देवळा तालुका! पण विमानांची गोष्ट निघाली, की ह्याच माणसाची अक्कल कोठे चरायला जाते, देव जाणे.

2015 च्या जुलैत आपली सुखोई विमाने इंग्लंडातल्या कॉनिंग्सबी तळावर सरावाला गेली होती. समोर ब्रिटिशांची टायफून. जवळच्या झुंजीत आपण बारा-शून्य जिंकलो, अशी बातमी आली. सुखोईची जुळणी आमच्या जिल्ह्यात, ओझरच्या कारखान्यात होते. त्यामुळे ती आमच्या लेखी घरची लेकच. भाचा धावत आला, "मामा, साहेबाची जिरवली!" मी म्हटले, "अटी काय होत्या?" ऐन मांडवात नवरदेवाचे वय विचारावे, तसा त्याचा चेहरा झाला.

पण सगळी मेख अटींतच असते. जवळची झुंज म्हणजे डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावरची. आजची विमाने तर एकमेकांना न पाहताच कित्येक कोसांवरून क्षेपणास्त्र सोडतात. त्या लांबच्या डावांचा आकडा बातमीत नव्हताच. ब्रिटिशांनीही कळवले, की हे आमच्या हिशेबाशी जुळत नाही. त्यांचा हिशेब तरी कोणी पाहिला आहे म्हणा!

त्याआधी 2004 च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेरला अमेरिकेची एफ-15 विमाने आपल्यापुढे हरली, म्हणून असाच गजर झाला होता. आपले वैमानिक तयारीचे निघाले, हे पाहुण्यांनीही मोकळेपणाने कबूल केले. पण त्यांच्या चार विमानांवर आपली दहा-बारा सोडलेली असत, आणि त्यांच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांना नियमांनी वेसण घातलेली होती. गंमत अशी, की ह्या पराभवाची दवंडी अमेरिकेतच जोरात पिटली गेली. त्या सुमारास त्यांच्या हवाई दलाला एफ-22 हे नवे, महागडे विमान हवे होते. जुने हरले असे सांगितल्यावाचून थैलीचे तोंड सुटते थोडेच!

भाचा म्हणतो, "मामा, तुम्हांला अभिमानच नाही." अभिमान आहे, म्हणून तर विचारतो. सराव शिकण्यासाठी असतो. त्यात 'मेलेला' वैमानिक संध्याकाळी जेवायला हजर असतो.

27 फेब्रुवारी 2019 ला बडगामवर तसे नव्हते. आपलेच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. त्यातले सहाही जण गेले, आणि खाली जमिनीवरचा एक नागरिकही. त्या सहांत आमच्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. आपला कोण आणि परका कोण हे ऐन घाईत ओळखण्याचा धडा कोणत्या सरावात किती गिरवला, हे बारा-शून्यातून कसे कळावे? त्या ऑक्टोबरात हवाई दलप्रमुखांनी स्वतः सांगितले, की ती आपली मोठी चूक होती. ते वाक्य मी भाच्याला दोनदा वाचायला लावले.